बी गिळली, आता पोटात झाड येईल?

पत्र :

प्रिय डॉक्टरताई,

आम्ही सासवडजवळ राहतो. मागच्या अंगणात सीताफळाची झाडं आहेत. गेल्या आठवड्यात माझ्या साडेपाच वर्षांच्या लेकीनं सीताफळ खाताना एक बी गिळली. सासूबाई म्हणाल्या, "आता तुझ्या पोटात झाड येणार बघ!" सगळे हसले, तीही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून ती पाणीच पीत नाही. शाळेतून बाटली भरलेली परत येते. खूप खोदून विचारल्यावर रात्री कानात म्हणाली, "पाणी प्यायले की झाड मोठं होईल ना." आजी गंमत करत होती, असं काही होत नसतं, हे मी परोपरीनं सांगितलं. तिला पटत नाही.

त्यात तिचे प्रश्न. भुकेनं पोटात कावळे ओरडतात तर ते आत कसे गेले? छातीत कोण ठोकतं, आणि आपण झोपलो की ते थांबतं का? आजीच्या हातावर हिरव्या दोऱ्या कसल्या? मी कॉमर्सची, पतसंस्थेत नोकरी करते. विज्ञान दहावीला सुटलं ते सुटलंच. या वयाच्या मुलीला शरीराबद्दल किती सांगायचं? काही लपवायचं का? एखादं चांगलं पुस्तक घेऊ का? आणि सासूबाईंना न दुखावता हे सगळं कसं करू?

जाता जाता : मला पाचवा महिना आहे. पोटात बाळ आहे हे तिला सांगितलं आहे. ती खूश आहे.

(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर :

प्रिय ताई,

आधी पाण्याचं बघू. बाकीचं सगळं दोन दिवस थांबेल, पाणी थांबणार नाही. या वयाच्या मुलाच्या पोटात दूध, ताक, वरण, फळं असं सगळं धरून दिवसाला लिटरभराच्या आसपास पातळ जायला हवं. साध्या पाण्याचीच तिला भीती बसली असेल, तर आज त्यावर अडून बसू नका. ताक द्या, भाताची पेज द्या, मोसंबी सोलून द्या. शूचा रंग फिकट पिवळा दिसला की काळजी मिटली. शू गडद पिवळी, थोडी थोडी होत असेल, करताना जळजळत असेल, आठ-आठ तास होतच नसेल किंवा मुलगी मलूल दिसत असेल, तर माझ्या उत्तरावर विसंबू नका, तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पाणी कमी पडलं की शी घट्ट होते, दुखते, आणि एकदा दुखली की मुलं ती रोखून धरायला लागतात. ते चक्र मोडायला फार त्रास होतो.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. ती तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे.

तुमची लेक हट्टी नाही आणि भित्रीही नाही. तिनं विचार केला आहे, आणि तो अगदी सरळ रेषेत केला आहे. अंगणातलं झाड पाणी घातल्यावर वाढतं, हे तिनं पाहिलं आहे. आईच्या पोटात बाळ वाढतं आहे, हे तुम्हीच तिला सांगितलं आहे, आणि ते पोट दिवसेंदिवस मोठं होताना ती रोज बघते आहे. म्हणजे पोटात गेलेली गोष्ट तिथं राहते आणि वाढते. मग बी का वाढणार नाही? तिच्या हातात जेवढी माहिती होती तिच्यावरून मोठ्या माणसानंही हाच निष्कर्ष काढला असता. मला तर तिचं कौतुक वाटलं. आणि तिची कणवही आली, कारण तहान लागलेली असताना आठवडाभर ती हे सगळं एकटी सोसते आहे.

म्हणून "असं काही नसतं" एवढ्यानं तिचं समाधान होत नाही. तिच्याकडे कारणं आहेत, तिला कारणंच द्यायला हवीत. मी बरीच वर्षं लहान मुलांना तपासते आहे, आणि एका गोष्टीबद्दल माझं मत पक्कं आहे : शरीराबद्दल मुलाला सांगायचं ते थोडं सांगा, पण खरं सांगा, आणि शक्यतो असं सांगा की ते त्याला स्वतःच्या अंगावर, स्वतःच्या हातानं, कानानं, डोळ्यानं पडताळून पाहता येईल. पाचव्या वर्षी मुलाला तुमच्या पदवीशी काही घेणं नसतं. तुम्ही सांगितलेलं खरं निघतं का, एवढंच ते बघतं.

तर बीपासून सुरुवात करा. उद्या तिला घेऊन गावात एक फेरी मारा आणि भिंतीतून, देवळाच्या कळसाजवळून, जुन्या वाड्याच्या सज्जातून उगवलेलं पिंपळाचं नाहीतर वडाचं रोप शोधा. आपल्याकडे ते सापडणार नाही असं होत नाही. तिला विचारा, इतक्या उंचावर बी कुणी पेरली? उत्तर सांगायची घाई करू नका. मग सांगा की पक्ष्यांनी फळं खाल्ली, बिया त्यांच्या पोटातून जशाच्या तशा शीबरोबर बाहेर पडल्या, आणि जिथं पडल्या तिथं भेगेतल्या मातीत रुजल्या. कावळा रोज बिया गिळतो, रोज पाणी पितो. त्याच्या पोटात झाड आलं का? नाही आलं. भिंतीत आलं. हा पुरावा ती स्वतः तपासू शकते आणि तो अगदी तिच्या शंकेला धरून आहे.

घरी आलात की सीताफळाच्या चार-पाच बिया तिच्याच हातानं कुंडीत लावा. सीताफळाची बी मातीतसुद्धा पटकन उगवत नाही, तिला काही आठवडे लागतात. पोटात गेलेली गोष्ट मात्र साधारण एक ते तीन दिवसांत बाहेर पडते. बीला रुजायला पाणी लागतं, ऊब लागते, हवा लागते आणि भरपूर वेळ लागतो. पोटात पाणी आणि ऊब आहे. ताजी हवा पुरेशी मिळत नाही, आणि वेळ तर मुळीच मिळत नाही. तुमच्या लेकीनं गिळलेली बी तुमचं पत्र माझ्याकडे पोहोचायच्या आधीच बाहेर गेली असणार. हे तिला अगदी याच शब्दांत सांगा.

आणि ते सिद्ध करून दाखवा. सध्या मक्याची कणसं मिळत असतील. एक उकडून द्या, नीट चावून खाऊ द्या, आणि मग पुढचे दोन-तीन दिवस शी केल्यावर दोघी मिळून बघा. मक्याच्या दाण्याचं पिवळं साल आपल्याला पचत नाही, ते तसंच बाहेर येतं आणि ओळखू येतं. सोमवारी रात्री खाल्लेलं कणीस मंगळवारी दिसलं की बुधवारी, हे तिलाच कॅलेंडरवर खूण करून ठेवू दे. घरात कुणी नाक मुरडलं तरी तुम्ही मुरडू नका. स्वतःच्या शीकडे बघणं यात घाण काही नाही. पुढं कधी तिला जुलाब झाले, शीतून रक्त पडलं, तर ते न लाजता तुम्हाला सांगणारी मुलगी तुम्हाला हवी आहे. मक्याऐवजी बीट चालतं, त्यानं शी लालसर होते. पण बीट दिल्याचं घरात सगळ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर रक्त समजून धावपळ व्हायची.

हा प्रयोग झाला की मधला प्रवास सांगायला मोकळ्या. तोंडापासून सुरुवात करा. पोळीचा एक कोरडा तुकडा तिला चावायला द्या आणि गिळू नकोस, चावतच राहा म्हणा. मिनिटाभरात तो गोड लागायला लागेल. तिनं साखर घातली नाही, तुम्हीही नाही. तिच्या थुंकीनं पिठातून साखर सोडवली. पचन पोटात सुरू होतं असं पुष्कळ मोठ्यांनाही वाटतं. ते तोंडातच सुरू होतं, आणि हे कळायला जीभ पुरते. "बत्तीस वेळा चाव" हे तिला वर्षभर सांगून जे साधणार नाही ते या एका घासानं साधेल.

घास गिळल्यावर तो खाली नुसता पडत नाही. अन्ननलिका त्याला मागून आवळत आवळत पुढं ढकलते. एक पायमोजा घ्या, त्यात लिंबू टाका, आणि लिंबाच्या मागच्या बाजूनं मुठीनं दाबत दाबत ते टोकापर्यंत न्या. आपल्या आतली नळी हेच काम बोटांशिवाय करते, म्हणूनच आडवं झोपून प्यायलेलं पाणीसुद्धा पोटातच जातं. मोठ्या माणसात ही नळी सुमारे २५ सेंटिमीटर असते. तिच्या टोकाला जठर. जठराची जागा दाखवताना बेंबीवर बोट ठेवू नका, सगळे तिथंच ठेवतात. जठर त्याच्या वर, डाव्या बाजूच्या बरगड्यांच्या आडोशाला असतं. तिथं आंबट, जळजळीत रस सुटतो आणि घुसळण होते. दोन ते चार तासांनी तयार झालेला लगदा लहान आतड्यात जातो. मोठ्या माणसाचं लहान आतडं जवळजवळ सहा मीटर लांब असतं. अंगणात तेवढी दोरी पसरून तिला टोकापासून टोकापर्यंत चालायला लावा आणि मग एवढी लांब नळी पोटात मावते कशी, म्हणून ती दोरी परडीत वेटोळी करून ठेवायला सांगा. अन्नातलं कामाचं जे असतं ते या लांबलचक वाटेवर रक्तात शोषलं जातं. उरलेलं मोठ्या आतड्यात जातं, तिथं पाणी काढून घेतलं जातं आणि शी तयार होते. पाणी न प्यायल्यावर शी का दुखते, हे इथं आपोआप येतं.

कावळ्यांचंही इथंच सांगून टाका. आतडी सतत हलत असतात आणि त्यांच्यातलं पाणी नि हवा पुढं सरकताना आवाज होतो. पोट भरलेलं असताना तो दबतो, रिकामं असताना घुमतो. जेवणापूर्वी तिला बाबांच्या पोटाला कान लावायला सांगा, जेवल्यावर पुन्हा. कावळे नाहीत, याची तिची तीच खात्री करून घेईल.

तिला आवडेल अशी एक खरी गोष्टही आहे. १८२२ साली उत्तर अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला पोटाजवळ मोठी जखम झाली. (बंदुकीचा बार लागला होता, ते लहान मुलीला सांगायची गरज नाही.) विल्यम बोमाँट नावाच्या डॉक्टरांनी त्याला वाचवलं, पण जखमेचं भोक कधीच पूर्ण बुजलं नाही. त्यातून थेट जठराच्या आत दिसायचं. बोमाँट रेशमी दोऱ्याला मांसाचा तुकडा, पावाचा तुकडा, कोबी असं काय काय बांधून आत सोडत आणि थोड्या थोड्या वेळानं ओढून बघत. तुकडे विरघळत चाललेले दिसत. जठरातला रस बाटलीत काढून उबेत ठेवला, तर अन्न त्यातही विरघळत होतं. हे सगळं त्यांनी १८३३ साली छापलं. जठर अन्नाचं नेमकं काय करतं, हे जगाला एवढ्या स्पष्टपणे त्यातून कळलं. सेंट मार्टिन पुढं १८८० पर्यंत जगला. त्याला हे प्रयोग फारसे आवडत नसत आणि तो अधूनमधून निघून जाई. मला तरी या गोष्टीत तोच जास्त जवळचा वाटतो.

आता बाळ. हा भाग मात्र पुढं ढकलू नका.

तुमच्या लेकीच्या मनात पोट म्हणजे आतून रिकामी एकच जागा आहे. घास, बी, पाणी आणि तिचं भावंड, सगळी तिथंच. या वयात बहुतेक मुलांची समजूत हीच असते. तपासायला आलेली मुलं मला विचारतात की आईनं गरम चहा प्यायला तर बाळ भाजत नाही का, भात त्याच्या डोक्यावर पडत नाही का. काही मुलं आईला जेवूच नको म्हणतात. तुमच्या लेकीनं अजून विचारलं नसेल, पण मनात असण्याची शक्यता खूप आहे. तेव्हा तिला सांगा की पोटाच्या आत वेगवेगळे अवयव आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. बाळ जठरात नाही. त्याच्यासाठी गर्भाशय नावाची वेगळी पिशवी आहे, खाली, ओटीपोटात. अन्नाच्या वाटेचा आणि त्या पिशवीचा एकमेकांशी रस्ता जोडलेला नाही. गिळलेली कुठलीही गोष्ट तिथं पोहोचत नाही, आणि काहीही गिळून बाळ तयार होत नाही. हे वाक्य मुद्दाम, स्पष्ट शब्दांत म्हणा. तिची सगळी भीती त्यावरच उभी आहे.

एरवी ही पिशवी मुठीएवढी असते. पाचव्या महिन्यात तिचा वरचा काठ साधारण तुमच्या बेंबीपर्यंत येतो, आणि आतलं बाळ डोक्यापासून टाचेपर्यंत सुमारे २५ सेंटिमीटरचं झालेलं असतं. शाळेच्या पट्टीवर तेवढं मोजून दाखवा. मूत्राशय या पिशवीच्या अगदी पुढ्यात असतं, ते दाबलं जातं, म्हणून आई हल्ली सारखी शूला जाते. ते तिनं नक्की पाहिलेलं असणार.

बाळ जेवतं कसं, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर तिच्या स्वतःच्या पोटावर आहे. आईनं खाल्लेलं अन्न आईच्या रक्तात जातं. तिथून वारेतून, म्हणजे गर्भाशयाला आतून चिकटलेल्या अवयवातून, आणि नाळेतून बाळाला हवं ते मिळतं. तोंडानं बाळ काही जेवत नाही. जन्मल्यावर नाळ कापतात, उरलेला तुकडा आठ-पंधरा दिवसांत वाळून गळतो, आणि खूण राहते ती बेंबी. तिला तिची बेंबी दाखवा आणि सांगा, तू माझ्याशी इथं जोडलेली होतीस. हे ऐकताना मुलांचे चेहरे कसे होतात ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. मला या कामात त्याहून मोठा आनंद क्वचित मिळतो.

ठोकणाऱ्याचं उत्तर सोपं आहे, कारण ते ऐकू येतं. हृदय तिच्या स्वतःच्या मुठीएवढं, छातीच्या मधोमध, थोडंसं डावीकडे. जुन्या कॅलेंडरचं जाड पान घ्या, घट्ट सुरळी करा, एक टोक तुमच्या छातीवर आणि दुसरं तिच्या कानाला. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लेनेक नावाच्या डॉक्टरांनी हेच केलं होतं. कागदाच्या सुरळीतून हृदयाचा आवाज नुसत्या कानापेक्षा स्पष्ट ऐकू आला, आणि त्यातूनच पुढं स्टेथोस्कोप आला. ऐकू येणारा आवाज हृदयातल्या झडपा मिटल्याचा असतो. रक्त पुढं गेलं की झडप मिटते, म्हणजे ते मागं येत नाही. तिचे ठोके तुमच्यापेक्षा जलद आहेत हे ती लगेच ओळखेल. या वयात बसल्या जागी मिनिटाला ८० ते ११० पडतात, मोठ्यांचे ६० ते १००. अंगणात दोन फेऱ्या पळायला लावून पुन्हा ऐकू द्या. पुढच्या तपासणीला डॉक्टर परवानगी देत असतील तर तिला बरोबर न्या. यंत्रावर बाळाचे ठोके ऐकवले तर ते मिनिटाला ११० ते १६० असतील, म्हणजे घरात सगळ्यात जलद तिच्या भावंडाचे.

"झोपल्यावर थांबतं का?" या प्रश्नामागं भीती असते. काही मुलांना झोपेची भीती वाटते ती यामुळेही. थांबत नाही, थोडं सावकाश होतं, एवढंच. बाबा दुपारी झोपले की सुरळी घेऊन जाऊ दे तिला.

आजीच्या हातावरच्या हिरव्या दोऱ्यांसाठी मी तुमच्या जागी असते तर सासूबाईंनाच पुढं केलं असतं. वय झालेल्या हातावरच्या शिरा किती छान दिसतात! आजींना हात खाली सोडून मिनिटभर बसू द्या. शिरा फुगतील. मग हाताच्या मागच्या बाजूची एक सरळ शीर निवडून बोटांकडच्या टोकाला एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटानं तिथून मनगटाकडे शीर निपटत न्या. दुसरं बोट उचला. शीर सपाटच राहील. आता पहिलं बोट उचला. ती झटकन भरेल, आणि भरताना बोटांकडून मनगटाकडे भरेल. म्हणजे या शिरांमधलं रक्त एकाच दिशेनं, हृदयाकडे परत चाललं आहे. विल्यम हार्वी या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १६२८ साली रक्त शरीरात फिरतं हे पटवून देताना हातावरच्या शिरांवर असंच बोट दाबून दाखवलं होतं. रक्त हिरवं किंवा निळं नसतं, शिरेतलंही गडद लालच असतं. रंग तसा दिसतो तो कातडीतून येणाऱ्या उजेडामुळे.

सासूबाईंना दुखावण्याचा प्रश्न मला यात दिसत नाही. त्यांना दोष देऊ नका, काम द्या. नातीशेजारी बसून त्या एवढंच म्हणाल्या तरी पुरे की मी लहानपणी जांभळाच्या, बोराच्या, चिकूच्या बिया गिळल्या, आणि माझ्या पोटात एकही झाड आलं नाही. ते ऐकून ती पाणी पिईल, माझ्या या लांब पत्रापेक्षा लवकर. शिवाय त्यांच्या बोलण्यामागची धास्ती खरी आहे. पिढ्यान्‌पिढ्या आज्या मुलांना बियांची भीती घालत आल्या, कारण बी घशात अडकलेली त्यांनी पाहिलेली असते. पोटात गेलेली अख्खी सीताफळाची बी निरुपद्रवी आहे. ती चावून फोडू मात्र देऊ नका, आतला गर विषारी असतो. उवांसाठी काही घरांत बियांची पूड केसांना लावतात, तीही नको. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते.

बीचा खरा धोका अन्ननलिकेत नाही, तिच्या पुढ्यातल्या श्वासनलिकेत आहे. गिळताना एक छोटं झाकण श्वासाची वाट बंद करतं. हसताना, बोलताना, पळताना घास घेतला तर ते चुकतं आणि ठसका लागतो. तिला कंठाशी हात ठेवून गिळायला सांगा, आतलं वर सरकताना कळेल. जेवताना बोलू नको, यामागचं कारण मिळालं की मुलं ते पाळतात. धाकट्या मुलांमध्ये शेंगदाणा श्वासनलिकेत जाणं फार वाईट. खाताना अचानक जोरात खोकला सुरू झाला आणि नंतर श्वासाला घरघर राहिली, तर खोकला थांबला म्हणून घरी बसू नका. मूल खोकू, रडू, बोलू शकत नसेल तर ओणवं करून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्यानं जोरात पाच थापा मारा आणि कुणाला तरी गाडी काढायला लावा. तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका. आणि घड्याळातला, रिमोटमधला, खेळण्यातला बटणासारखा चपटा सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघायची नाही, लगेच मोठं रुग्णालय गाठायचं. तो काही तासांत अन्ननलिका जाळतो. बाळ आल्यावर हे सगळं तुमच्या घरात पुन्हा लागू होणार आहे, म्हणून सविस्तर लिहिलं.

लपवायचं काय, असं विचारलंत. काहीच नाही. नाक, कोपर, घोटा सांगतो तसंच लिंग आणि योनी ही नावंही सांगा, अंघोळ घालताना, चेहरा नेहमीसारखा ठेवून. बाळ बाहेर कसं येतं असं विचारलं, तर आईच्या दोन पायांच्या मध्ये शूच्या आणि शीच्या जागेहून वेगळी अशी वाट असते, तिथून येतं, आणि कधी कधी डॉक्टर पोटावर छेद देऊन काढतात. एवढं पुरतं. ती पुढचं विचारेल तेव्हा पुढचं. ज्या मुलाला अवयवाचं नाव माहीत असतं ते तिथं दुखतंय, खाजतंय, किंवा कुणी नको तसा हात लावला, हे सांगू शकतं. चड्डीच्या आतल्या जागेला स्वच्छता करणारे आई-बाबा-आजी आणि आई जवळ असताना तपासणारे डॉक्टर, यांच्याखेरीज कुणी हात लावायचा नाही, आणि लावला तर तो कुणीही असो, सांगायचं. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे, तो घरात सगळ्यांना पाठ हवा.

आणखी एक विनंती. "पाणी पी, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" हे कृपा करून कुणालाही म्हणू देऊ नका. सुई टोचायची वेळ आली तर टोचणार आहे, दुखणार आहे, पाच आकडे मोजेपर्यंत दुखेल, असं सांगून आणा. "काही दुखत नाही" असं सांगून आणलेलं मूल पुढच्या वेळी दारातच रडतं, आणि त्याचं बरोबर असतं.

पुस्तक घ्या, चांगलं चित्र असेल तर जरूर घ्या, पण त्याआधी घरातच एक करा. वह्यांना घालतो तो खाकी कागद दोन-तीन तुकडे जोडून जमिनीवर पसरा, तिला त्यावर उताणं झोपवा आणि खडूनं बाह्यरेषा काढा. मग ऐकलं, पाहिलं, मोजलं ते एकेक आत काढत जा. छातीत मूठ ठेवून तेवढंच हृदय, बरगड्यांच्या आड जठर, खाली वेटोळी, पाठीकडे दोन मूत्रपिंडं. सगळं एका दिवशी भरू नका. त्याच कागदावर शेजारी तुमचीही बाह्यरेषा काढायला तिला सांगा, तुम्हाला बेतानं कुशीवर झोपता येईल तेवढी. त्यात जठर आणि गर्भाशय वेगळ्या रंगांनी काढा, आणि गिळलेल्या बीची वाट तिलाच बोटानं दाखवू द्या : तोंडातून शिरली, कुठं कुठं गेली, कुठून बाहेर पडली. गर्भाशयाला स्पर्श न करता तिचं बोट खालपर्यंत आलं की पाण्याचा पेला पुढं करा.